चिंचेनं घासलेली मधमाशी

"हात मत लगाओ!" साहेब दारातूनच ओरडला, आणि लंकाबाईच्या हातातलं फडकं खाली पडलं.

कपाटाचा खण उघडा होता. निळ्या मखमलीवर देशोदेशीची नाणी ओळीनं निजलेली. कुठं घोडा, कुठं ससा, कुठं गलबत, कुठं गव्हाची लोंबी. भिंगारच्या छावणीतल्या या गोऱ्या साहेबाला जेवणाखाण्याची शुद्ध नसे, पण नाण्यांची असे. खण रोज पुसायचा, नाण्याला मात्र बोट लावायचं नाही, हा त्याचा कायदा. आणि आज लंकाबाई आपल्या पदराच्या गाठीतलं एक तांबडं नाणं हातात घेऊन त्या ओळींत त्याचा जोडीदार शोधत उभी होती.

साहेबानं ते तिच्या हातून घेतलं, कडेला चिमटीत धरून. भिंग लावलं. नाण्यावर एक फूल होतं आणि फुलावर मधमाशी. साहेबाचा आवाज एकदम लोण्यासारखा झाला.

"इटली," तो म्हणाला. "ये इटली का है."

लंकाबाईला तेवढंच तर हवं होतं. तिचा नवरा सहादेव पलटणीबरोबर लढाईवर जायला बोटीत चढला त्याला दीड वर्ष झालं होतं. पत्रं यायची, पण मुलखाचं नाव आलं की त्यावर सरकारची काळी शाई फासलेली. त्यानं धाडलेलं हे नाणं तीन माणसांच्या हातून आलं होतं, आणि त्यासोबत एवढाच निरोप, 'नीट ठेव, आल्यावर बघतो.' त्यानंतर सात महिने कागदाचा चिटोरा नाही. इटली. तिनं ते नाव मनात दोनदा घोळवलं.

साहेब खानसाम्याशी, नूरमहंमदशी, बराच वेळ बोलला. नूरमहंमदनं मान खाली घालूनच तिला सांगितलं, "लंकाबाई, साहेबाकडं समदी जनावरं-पाखरं हायेत, माशी तेवढी न्हाई. ही पायजे म्हनतोय. तुज्या पगाराहून जास्ती पैसे देतो. उद्या सकाळी घेऊन ये. न्हाईतर कामाला येऊ नको."

"आन् हे माजं हाय, ते सांगितलं का त्यास्नी, चाचा?"

"सांगून काय हुनार हाय, बाई?"

साहेबानं नाणं कागदाच्या पुडीत घालून तिला परत दिलं. हिसकावून घेणं त्याच्या खानदानीपणात बसत नसावं. धाक घालून घेणं बसत होतं. वर बोट नाचवून त्यानं बजावलं, "घिसना मत! इमली, नो!"

त्यालाही कारण होतं. कामाला लागली त्याच आठवड्यात तिनं त्याचं एक काळवंडलेलं नाणं, कोंबडी आणि तिच्या पिलांचं, चिंच आणि राख लावून लखलखीत केलं होतं. तांबं-पितळ घासल्याशिवाय घरात कोण ठेवतं? आता शाबासकी मिळणार म्हणून ती उभी, तर साहेबानं डोकं धरलं. "मर गया!" म्हणत कोंबडी पिलांसकट खिडकीबाहेर भिरकावली. घासलेलं नाणं मेलं, भोक पाडलेलं मेलं, कडी लावलेलं तर पार मेलं, ही या नाण्यावाल्यांची रीत नूरमहंमदनं तिला तेव्हाच समजावून दिली होती. लंकाबाई दोन दिवस हसत होती.

आज तिला हसू आलं नाही. घरी म्हातारी सासू, दोन पोरी, आणि चूल पेटायची ती या बंगल्याच्या पगारावर. घरी परतल्यावर तिनं पुडी उघडून माशीकडं पाहिलं. मग उठली आणि चिंच भिजत घातली.

दिवेलागणीच्या आधी ती बाजारात चांदभाई कल्हईवाल्यापुढं उभी राहिली. "चांदभाई, ह्याला कडी डाखून द्या. पक्की."

चांदभाईनं नाणं उलटंपालटं करून पाहिलं. "लई देखनं हाय, बाई. पन कडी बसली का मग निघायची न्हाई. पुढं कदी इकायला गेलात तर कुनी इचारनार न्हाई."

"म्हनूनच आले," लंकाबाई म्हणाली.

सकाळी साहेब खण उघडून बसलाच होता. मखमलीत एक जागा रिकामी करून ठेवलेली. त्यानं हात पुढं केला. लंकाबाईनं पुडी काढली नाही. गळ्यावरचा पदर तेवढा बाजूला सारला. काळ्या मण्यांशेजारी, लाल दोऱ्यात, माशी नव्या भांड्यासारखी झळकत होती.

साहेब कडीकडं बघत राहिला. "मर गया," तो हळूच म्हणाला. त्याला खरंच वाईट वाटलं होतं, हे कबूल केलं पाहिजे.

"मेलं म्हनतोय," नूरमहंमद पुटपुटला.

"कळलं मला." लंकाबाईचा आवाज चढला. "चाचा, त्यास्नी सांगा, खनात निजवून ठेवलीत ती मेलेली. त्यांना बोट लावायचं न्हाई, घासायचं न्हाई, अंगावर घालायचं न्हाई. हे जित्तं हाय. आन् ह्याचा धनी इटलीत हाय. येनार हाय तो बघायला."

यातलं नूरमहंमदनं साहेबाला किती सांगितलं, ते त्यालाच ठाऊक. लंकाबाई ते ऐकायला थांबली नाही. तिनं फडक्याची घडी घालून टेबलावर ठेवली आणि पायऱ्या उतरली. भिंगारच्या रस्त्याला लागली तरी माशी पावलागणिक गळ्याशी टकटक करत होती.