पक्की नोकरी

सिंगापुरात, आंग मो किओच्या आमच्या ब्लॉकमध्ये डेल्रॉय राहायचा. मूळचा जमैकाचा, इथल्या एका क्लबकडून बास्केटबॉल खेळून पोट भरणारा. लिफ्टमध्ये तो मान वाकवून उभा राहायचा आणि मी मान वर करून त्याला सल्ले द्यायचो.

"एक गुडघा गेला की तुझं करिअर संपलं बघ. माझ्यासारखी बँकेतली पक्की नोकरी धर. साठीपर्यंत चिंता नाही."

बिचारा दर वेळी ऐकून घ्यायचा.

२००८च्या ऑक्टोबरात एका दुपारी मी ऑफिसातलं सामान खोक्यात भरून, टाय खिशात कोंबून घरी आलो. लिफ्टमध्ये नेमका डेल्रॉय.

"बँकेनं काढून टाकलं," मी म्हणालो.

त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि अगदी काळजीनं विचारलं,



"गुडघा?"