थंडीची वाटणी

थोरल्याचा पाय मुरगळला तो नेमका निघायच्या सकाळी. दाराला कुलूप लावून तो वळला, ओल्या पायरीवरून घसरला आणि सामानासकट खाली बसला. शेजारच्या शिंपीणबाईंनी त्याला धरून आत नेलं, पाय उशीवर ठेवला, डॉक्टरांना बोलावलं. "आठवडाभर हलायचं नाही," डॉक्टर म्हणाले. आगगाडीचा गार्ड म्हणून उभा जन्म काढलेल्या माणसाची गाडी त्याला न घेताच निघून गेली.

पायाचं त्याला एवढं काही वाटलं नाही. त्याला धास्ती होती ती संध्याकाळची. संध्याकाळी धाकटा येणार होता.

उत्तरेचं हे डोंगरातलं घर वडिलांचं, दक्षिणेचं समुद्राकाठचं आईचं. दोन्ही घरं दोघा भावांची, आणि विकायला दोघांचाही जीव धजावत नव्हता. पण एका छताखाली राहायची सोय उरली नव्हती. आई गेली तेव्हा थोरला ड्यूटीवर होता. पोचला तोवर सगळं आटोपलं होतं. धाकटा दारातच म्हणाला, "शेवटपर्यंत तुझ्या वाटेकडे डोळे लावून होती." ते थोरल्याच्या जिव्हारी लागलं. शब्दाला शब्द वाढला. "तू असशील त्या घरात मी पाऊल ठेवणार नाही," असं तो बोलून गेला, आणि बोललेलं मागे घेणं त्याला कधी जमलं नाही.

पुढे दोघंही निवृत्त झाले, तेव्हा ताईनं वाटणी कळवली. उन्हाळ्यात थोरल्यानं उत्तरेत राहायचं, हिवाळ्यात दक्षिणेत. धाकट्यानं बरोबर उलट. म्हणजे इथली हाडं गोठवणारी थंडी धाकट्याला आणि तिथला अंगाला चिकटणारा उकाडाही धाकट्यालाच. वाटणी ऐकून थोरल्याची छाती फुगली होती. ताई सगळ्यांत मोठी, तिचा शब्द म्हणजे निकाल. चूक कुणाची होती ते तिनं बरोबर ओळखलं, असं त्याच्या मनानं घेतलं. दर वर्षी समुद्राकडे जाणाऱ्या गाडीत खिडकीशी बसला की हा विचार त्याला सुखाचा वाटायचा. धाकट्याची गाडी वाटेत कुठंतरी समोरून येऊन त्याच्या गाडीशेजारून जायची. तेव्हा तो खिडकीबाहेर बघायचा नाही.

धाकटा आला तेव्हा अंधार पडत होता. सुतारकाम शिकवणारा उंचपुरा गडी, पण आता खांदे पुढे आले होते. त्यानं बॅग ठेवली आणि दारातूनच विचारलं,

"फार दुखतंय का, दादा?"

"नाही."

एवढंच. मग तो कामाला लागला. खिडक्यांच्या फटींत त्यानं चिंध्यांच्या पट्ट्या ठोकल्या. बाकीच्या खोल्या बंद करून थोरल्याची खाट ओढत स्वयंपाकघरात आणली, शेगडीला लागून ठेवली. स्वतःचं अंथरूण खिडकीखाली टाकलं.

"तिथे वारा लागेल तुला," थोरल्याला राहवलं नाही.

"सवय आहे."

शेगडीतली लाकडं धडाडून पेटली. भिंतीवर उजेड नाचायला लागला आणि थोरल्याला कसंतरीच झालं. लहानपणी थंडीत तिघं भावंडं इथेच ओळीनं झोपायची. वडिलांचे बूट शेगडीपाशी वाळत पडलेले असायचे. आई मध्येच उठून कुणाचं पांघरूण सरकलंय ते चाचपून बघायची. तिच्या हाताला राखेचा वास यायचा.

"ताई झोपेत पाढे म्हणायची, आठवतं?" तो छताकडे बघत म्हणाला.

"सतराच्या पाढ्याला अडायची," अंधारातून धाकटा म्हणाला. "आणि तू पांघरुणातून ओरडून तिची चूक काढायचास."

"मग ती झोपेतच मला लाथ घालायची."

"तुला कुठली? मध्ये मी असायचो!"

दोघंही हसले. किती वर्षांनी, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. हसता हसता थोरल्याला ठसका लागला आणि खोकल्याची उबळ थांबेना. धाकटा ताडकन उठला. गरम पाणी दिलं, आपली शाल काढून त्याच्या पाठीवर घातली, उबळ ओसरेपर्यंत पाठ चोळत बसला. मग जाऊन आडवा झाला.

सकाळी बादलीतल्या पाण्यावर बर्फाचा पापुद्रा धरला होता. धाकटा कोटाची बटणं लावत उभा होता. बोटं आखडलेली, सांध्यांवर भेगा. एकेका बटणाशी त्याची झटापट चालली होती. या हातांनी तो एके काळी केसाएवढी फट न ठेवता लाकूड जोडायचा. थोरल्यानं मान वळवली. धाकटा लाकडं आणायला बाहेर पडला, तसा त्यानं ताईला फोन लावला.

"ताई, वाटणी बदल. पुढच्या वर्षापासून थंडीत मी इथे राहतो. समुद्राकाठचा हिवाळा त्याला घेऊ दे."

"काय झालं? भांडलात का पुन्हा?"

"नाही गं. तू माझी बाजू घेतलीस, मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? पण हे फार झालं. त्याचे हात बघवत नाहीत. एवढी शिक्षा नको व्हायला होती त्याला."

"मी कुणाची बाजू घेतली?" ताईला काही कळेना.

"म्हणजे? वाटणी तूच केलीस ना?"

ताईनं सुस्कारा सोडला.

"मी कसली करतेय? त्यानंच केली. मुद्दाम माझ्या घरी येऊन सांगून गेला. म्हणाला, दादाची छाती लहानपणापासून कच्ची, त्याला थंडीही सोसत नाही आणि दमट उकाडाही. दोन्हीकडचे चांगले महिने त्याला दे. आणि माझं नाव काढू नकोस ताई, नाहीतर तो हट्टानं थंडी मागून घेईल."