कंपन शून्य

"कोणताही दोष नाही. कंपन शून्य," जीप तिसऱ्यांदा गोड आवाजात म्हणाली, तसा यमुना मेकॅनिकने पाना आपटला.

"ताई, मलाही काही जाणवत नाही," दवाखान्याचा ड्रायव्हर बाबू कोकरे म्हणाला. "पेशंटच उगाच ओरडतात. कालची म्हातारी तर घाट उतरेपर्यंत विव्हळत होती."

या नव्या जीपमधली ड्रायव्हरची सीट प्रत्येक हादरा उलट हादऱ्याने जिरवायची, आणि सीटला जे जाणवलं नाही, ते जीपच्या लेखी घडलंच नव्हतं. मागचं स्ट्रेचर मात्र सरळ पत्र्याला आवळलेलं होतं.

"बाबूभाऊ, झोपा त्यावर."

"मी?"

"मग काय मी? झोपा मुकाट्याने!"

तिने जीप सड्यावरच्या सपाट डांबरी रस्त्यावर घेतली आणि वेग वाढवला. मागे बाबूचे दात वाजायला लागले. "थांबवा, ताई! हाडं खिळखिळी झाली!"

"कंपन शून्य," जीप म्हणाली.

यमुना जीप थांबवून वैतागून गाडीखाली सरकली. इंजिनाचा जोर चाकांकडे नेणारा शाफ्ट खोलण्याआधी ती दोन्ही तुकड्यांवर मिळून एक पिवळी रेघ मारायची, म्हणजे जोडताना रेघ जुळते; नाही जुळली तर शाफ्ट हादरे देतो. आता अर्धी रेघ वर होती, अर्धी खाली. महिन्यापूर्वी तिनेच तो खोलून जोडला होता, आणि जीपच्या पडद्यावरचं शून्य बघून, फेरी न मारताच गाडी सोडली होती.

"सापडला दोष?" बाबूने स्ट्रेचरवरूनच विचारलं.

"सापडला. माझाच आहे."

बाबू स्ट्रेचरवरून उतरला. "म्हातारीला मी काल दोनदा दम दिला, ताई. गप्प पड म्हणून."

"कोणताही दोष नाही," जीप म्हणाली.

यमुनाने आधी तिच्या आवाजाची वायर उपटली.