चौदा नंबरचा फोन

"हे कार्ड ओडवारचं आहे," स्वेरे म्हणाला. "आणि तू ओडवार नाहीस."

मागे रांगेत कुणीतरी हसलं. तिरिलने टेबलावरचं कार्ड परत उचललं नाही.

"मी त्यांची मुलगी. बाबांना ताप आहे."

स्वेरेने चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. 'टाउवेर्क' बँडच्या चाहता मंडळाचा तो पहिल्यापासूनचा चिटणीस. पुढच्या शुक्रवारी, अकरा वर्षांनी, बँडचा नवा अल्बम येत होता आणि दौऱ्याची सुरुवात इथूनच, हाउगेसुन्ड बंदराच्या धक्क्यावरून व्हायची होती. जुन्या सभासदांना तिकिटं आधी मिळत, पण ज्याची त्याने येऊन न्यायची. सभासद वारला की नंबरही बाद. समोरच्या वहीत अशा नंबरांवर लाल रेघा होत्या. ओडवारच्या चौदावर नव्हती.

ओडवारला जाऊन सोळा दिवस झाले होते.

"ताप का?" मागून गुनवोरने विचारलं. ही बाई नंबर एकतीस, अंगात एकोणनव्वद सालच्या दौऱ्याचा शर्ट, पोटावर घट्ट झालेला, हातात वॉफल. "मागच्या खेपेला एकजण मामाचं कार्ड घेऊन आला होता. मामालाही तापच होता. चौकशी केली, तर मामा दोन वर्षं कबरीत."

"गुनवोर, वॉफल खा," स्वेरे म्हणाला.

"मी आपलं सांगितलं. तिकिटांचे दलाल हल्ली पोरीसुद्धा पाठवतात."

तिरिलचे कान लाल झाले. वडिलांच्या जाकिटाच्या बाह्या तिने दोनदा दुमडल्या होत्या, तरी त्या बोटांवर येत होत्या.

"जन्मतारीख विचारा. पत्ता विचारा हवं तर."

"ते कार्डावरच आहे." स्वेरेने डब्यातून लाल पेन काढलं. टोपण उघडलं नाही, नुसतं वहीवर आडवं ठेवलं. "नवं गाणं येऊन नऊ दिवस झाले, पोरी. बँडने काहीही काढलं की त्याच संध्याकाळी ओडवारचा मला फोन. शिव्या घालायला. हे बिघडले, हे म्हातारे झाले, तुला कान आहेत की बटाटे! सदतीस वर्षांत एकदा चुकला नाही. न्यूमोनिया झाला तेव्हा हॉस्पिटलातून केला होता." त्याने वहीतल्या चौदावर बोट ठेवलं. "या वेळी नऊ दिवस झाले."

रांगेतले दोघेतिघे पुढे वाकले.

"आवाज बसलाय त्यांचा," तिरिल म्हणाली.

"मग तुला तरी काही बोलला असेल."

तिरिल लाल पेनाकडे बघत राहिली. ते गाणं तिने एकटीने ऐकलं होतं, स्वयंपाकघरात, बाबांच्या रिकाम्या खुर्चीसमोर बसून.

"म्हणाले, ड्रमवाला चारपर्यंत मोजतो."

"मग?"

"तीन मोजायचे आणि सुरू करायचं. इतकी वर्षं तसंच करत आले. चारपर्यंत मोजायला ही काय शाळेतली कवायत आहे?"

स्वेरेने टेबलावर बोटाने तीनदा ठोकलं.

"आणि मधेच ते व्हायोलिन. दातांच्या डॉक्टरकडे बाहेर बसवून ठेवल्यासारखं वाटतं, म्हणाले." तिने बोटांवर आलेली बाही वर सारली. "आणि म्हणाले, स्वेरेला मात्र हे नक्की आवडलं असणार. त्या बटाट्याला."

गुनवोर वॉफल चावायची थांबली.

स्वेरेने लाल पेन डब्यात परत टाकलं. निळं काढलं, चौदासमोर बरोबरची खूण केली आणि एक तिकीट फाडलं. तिरिलने ते धरलं तरी त्याने लगेच सोडलं नाही.

"आवडलंच मला," तो म्हणाला. "त्याला सांग, व्हायोलिनचं त्याला काही कळत नाही."

"सांगते."

"आणि ड्रमचं..." त्याने तिकीट सोडलं. "ड्रमचं बरोबर आहे त्याचं."

तिरिल दाराकडे गेली. स्वेरे मान वर न करता म्हणाला, "पुढचा."

गुनवोरने आपलं कार्ड टेबलावर ठेवलं. त्याने ते हातात घेतलं आणि बराच वेळ बघत राहिला.

"उलटं धरलंयस," गुनवोर म्हणाली. पण या वेळी हळू.