आमदाराचा फ्रीझर

आर्लिसने तळघरातल्या मोठ्या फ्रीझरचं झाकण उघडलं, तर हरणाचं मटण गायब. त्याच्या जागी बाटल्या. वेपमध्ये, म्हणजे ई-सिगारेटमध्ये, भरायच्या द्रवाच्या, बोटभर उंचीच्या, सगळ्या तिच्याच आवडीच्या ब्लूबेरी वासाच्या. खोक्यांवर खोकी रचलेली. एकटीला पाच-सहा वर्षं सहज पुरतील इतक्या.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

जाणारच. आदल्याच दिवशी विधानसभेत वेपबंदी मंजूर झाली होती. एक तारखेपासून राज्यात विकायचं नाही, बाहेरून मागवायचंही नाही. आणि ही बंदी मांडली कुणी? तिच्याच नवऱ्याने. आमदार वर्लिन हाउगेन! टीव्हीवर काय बोलला म्हणून सांगू! शाळेतली पोरं, त्यांची कोवळी फुप्फुसं... डोळ्यांत पाणीसुद्धा आणलं मेल्याने. सिगारेटबद्दल मात्र अवाक्षर नाही. ती आमच्या गावात पेट्रोल पंपावर मिळते, दुधाच्या शेजारी.

भाषण आर्लिसने गिळलं. चौतीस वर्षांच्या संसारात तिने बरंच काही गिळलं होतं. पण लूअ‍ॅन, बेव्ह आणि मॅविस, तिच्या मैत्रिणी? चर्चच्या स्वयंपाकघरात मयताच्या जेवणाची भांडी घासता घासता आर्लिस धरून या चौघींनी चार वर्षांपूर्वी सिगारेट सोडली. तीस-तीस वर्षांची सवय, सुटली ती या वेपच्या आधाराने. लूअ‍ॅनला तर डॉक्टरने तोंडावर सांगितलं होतं, पुन्हा सिगारेट धरलीस तर पुढचा हिवाळा विसर.

बंदीची कुणकुण लागली तेव्हा तिघी आर्लिसलाच येऊन चिकटल्या. "तुझा नवरा आमदार आहे ना बाई? विचार की, साठा करून ठेवायचा का?"

तिने गेल्या महिन्यात एका सकाळी, खायला बसल्यावर विचारलं. वर्लिन टोस्टला लोणी लावत म्हणाला, "कशाला? पैसे वर आलेत का? ते विधेयक समितीतच मरणार."

आर्लिसने हे तिघींना जसंच्या तसं सांगितलं. तिच्या शब्दावर विसंबून एकीनेही जास्तीची बाटली घेतली नाही. आणि आज सकाळी लूअ‍ॅनचा फोन. दुकान लोकांनी झाडून नेलंय म्हणाली. बोलणं कमी, खोकलाच जास्त.

"वर्लिन! खाली ये आधी!"

तो मोजे घालून पायऱ्या उतरला. पक्षाची माणसं जेवायला यायची होती, त्यामुळे स्वारी खुशीत.

"सापडलं होय? तुझ्या वाढदिवसाला देणार होतो. मटण भावाच्या फ्रीझरमध्ये ठेवलंय, घाबरू नकोस."

आर्लिसने एक खोकं त्याच्या नाकासमोर धरलं. त्यावर पार्सल आल्याची तारीख होती. ऑगस्टची.

"म्हणजे टोस्ट खाता खाता मला थाप मारलीस, तेव्हा हे सगळं इथे होतं?"

"अगं, हळू बोल! तेव्हा खरं सांगितलं असतं तर तू गावभर केलं असतंस. आमदाराची बायको साठा करते म्हटल्यावर मला मत कुणी दिलं असतं? पोरांना हे मिळता कामा नये, यावर मी ठामच आहे. पण तू पुन्हा सिगारेटवर जावंस असं मला वाटेल का? तुझ्यासाठीच केलं ना सगळं? मग झालं तर!"

वरून कीर्तन, आतून तमाशा. आणि वर आभार मानायचे!

तिने आभार मानले नाहीत. तिने खोकं उचललं, वर नेलं आणि पिकअपच्या मागे आदळलं. परत आली, दुसरं उचललं. बाहेर उणे वीस, हात गारठून लाल झाले, तरी तिने हातमोजे शोधले नाहीत. वर्लिन मध्ये आला तेव्हा त्याला कोपराने बाजूला सारलं. फ्रीझरचा तळ दिसेपर्यंत ती थांबली नाही.

तिने गाडी सुरू केली. वर्लिन दारात उभा, तसाच मोज्यांवर.

"आर्लिस, पाहुणे येतायत! एवढं सगळं घेऊन चाललीस कुणाकडे?"

तिने काच खाली केली.

"ज्यांचा नवरा आमदार नाही, त्यांच्याकडे."