आल्याचा चहा

स्वयंपाकघरातून खलबत्त्याचा आवाज आला आणि मंदाकिनीबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बत्ता आधी एकदा लांब घासला, मग तीन ठोके पडले. मोर्स कोडमध्ये हा ‘बी’! हॅम रेडिओच्या, म्हणजे हौशी बिनतारी संदेशनाच्या, लायसन्सची परीक्षा त्या घरून ऑनलाइन देत होत्या. प्रश्न आणि त्याखालचे पर्याय पुटपुटत वाचायची त्यांना सवय. ते ऐकून त्यांचे यजमान, स्वतः जुने हॅम, आलं ठेचायच्या निमित्ताने आतून उत्तर पुरवत होते.

“मॅडम, मागे कसला आवाज येतोय?” स्क्रीनवरच्या परीक्षक बाईंनी विचारलं.

“आमचे हे चहाला आलं ठेचतायत,” त्या दातओठ खात म्हणाल्या.

उत्तर ‘बी’च होतं. ठोके पडायच्या आधीच त्यांना ते ठाऊक होतं, म्हणून तर संताप जास्त. बँकेत, दवाखान्यात, पाहुण्यांसमोर, कुणीही त्यांना काही विचारावं आणि यांनी मध्येच तोंड घालावं! आता ‘बी’ निवडलं तर हे लायसन्सही यांच्याच कृपेने मिळालेलं ठरणार. त्यांनी मुद्दाम ‘सी’ निवडलं, आणि माउस असा दाबला की टेबल हललं. पुढचे सगळे प्रश्न त्यांनी ओठ घट्ट मिटून वाचले.

परीक्षा संपताच निकाल आला. यजमान हसतहसत चहा घेऊन बाहेर आले. “झालीस ना पास? मला खात्रीच होती.”

“झाले. एक सोडून सगळी उत्तरं बरोबर.”

“एक चुकलं? कुठलं गं?”

मंदाकिनीबाईंनी सावकाश चहाचा घोट घेतला.

“तुम्ही सांगितलंत ते.”