रिस्तेनआजीचा काप

खाणीला जमीन द्यायला निलासने नकार दिला आणि त्याचे सगळे रेनडिअर मारायचा सरकारी हुकूम आला. आम्हा सामी लोकांत कुठलं जनावर कुणाचं, ते कानावरच्या कापावरून कळतं.

"रिस्तेनआजीने जिवंतपणी केली होती तीच युक्ती करू," मात्तेकाका म्हणाले. "तिचा खोल काप सगळ्यांच्याच जनावरांना मारा. आधीच्या खुणा मिटतील. मग शोधा म्हणावं निलासचं कुठलं!"

घराघरातून चाकू निघाले. त्या दिवशी आम्ही फार हसलो.

हुकूम घेऊन आलेल्या साहेबांनी शोधायची तसदीच घेतली नाही. "हा काप दिसेल ते मारा," एवढंच म्हणाले.

डोंगरात पळालेल्या काही माद्या वसंतात व्याल्या. पाडसं अजून ओली होती, तरी त्यांच्या कानांवर तोच काप होता, जुना, भरून आलेला.

"आजी पाठीशी आहे," काका म्हणाले, पण पाडसांजवळ गेले नाहीत.

आज निलासचं बाळ बघायला गेले. चूल धगधगत होती, तरी बाळाला कानटोपी घट्ट बांधलेली.

"अगं एल्ले, उकडतंय त्याला," म्हणत मी नाडीला हात घातला.

निलासच्या बायकोने माझं मनगट धरलं.

"राहू दे, ताई. साहेब अजून गावातच आहेत."